वीसपैकी वीस

"मराठी तोंडी. सगळ्यांना वीसपैकी वीस," देशमाने बाईंनी जाहीर केलं आणि आमच्या दहावी 'ब'ने बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली.

"गप्प बसा! परीक्षा झाली असं समजायचं. बाहेरून कुणी येऊन विचारलं, तर झाली म्हणायचं. कविता म्हणायला लावली आणि उतारा वाचून घेतला. कळलं ना? चला, भूमितीची पुस्तकं काढा, कर्डिले सर येतायत."

पोरं शिट्ट्या मारायला लागली. माझ्या शेजारी बसणारी प्रणाली माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "सुटलो गं बाई!" आणि मी उभी राहिले.

मी उभी राहिले हीच खैरदरा विद्यालयात बातमी होती. माझं नाव सारिका गुंजाळ. सारिका म्हणजे मैना, बोलणारा पक्षी. आईने हौसेने ठेवलं, आणि मी निघाले तोतरी. च, क, म आणि प ही माझी खास वैरी अक्षरं. ती दारात आडवी पडायची आणि मागची सगळी वरात खोळंबून राहायची. माझं अडखळणं मी इथे जसंच्या तसं लिहून दाखवणार नाही. वाचणाऱ्याला कंटाळा यायचा आणि मला राग. लागेल तिथे दोन-चार ठिपके देईन, बाकीचे तुम्ही मनातल्या मनात घाला.

"काय गं?" बाई म्हणाल्या. "पाणी प्यायला जायचंय?"

"म... माझी तोंडी झाली नाही."

"अगं, कुणाचीच झाली नाही. वीस दिलेत. बस खाली."

"मला द्यायची आहे."

आधी वर्गाला कळलंच नाही. कळलं तेव्हा असा काही हशा पिकला की शेजारच्या 'अ' तुकडीतले सर डोकावून गेले. तोतरीला तोंडी द्यायची होती! लंगड्याने शर्यत लावावी, तशातली गत. वर्गातला पहिला नंबर किरण खेडकर मागे वळून म्हणाला, "फुकाट मिळतेत तरी हिचे नखरे बघा. दैव देतं आन् कर्म नेतं ते आसं."

बाई हसल्या नाहीत. त्या मायाळू होत्या, आणि माझं सगळं दुखणं त्या मायाळूपणातच होतं. पाचवीपासून मी एक खेळ पाहत आले होते. प्रकट वाचन चालू असायचं, एकेक मुलगी उठून परिच्छेद वाचायची. मी पुढची बाकं मोजून माझा परिच्छेद आधीच हेरून ठेवायची, ओठांतल्या ओठांत घोटायची. आणि माझी पाळी आली की गुरुजी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघून म्हणायचे, "हं, पुढची." कविता असो, प्रार्थना असो, पंधरा ऑगस्टचं भाषण असो, मला कायम 'पुढची'. मार्क मात्र भरघोस. सहावीला वीसपैकी अठरा, सातवीला एकोणीस. न बोलता मी दरवर्षी थोडी थोडी सुधारत होते म्हणायची!

जूनमध्ये बाईंनी सांगितलं होतं, "दहावीची तोंडी बोर्डाची असते, तिथे कुणाला सूट नाही." वर्ग हादरला. मला मात्र आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. आठ महिने मी घरामागच्या कांदाचाळीत उभी राहून कांद्यांना भाषणं दिली. कांदे 'पुढची' म्हणत नाहीत. आणि आता फेब्रुवारीत बाई सांगत होत्या की झाली असं समजायचं.

"सारिका, हट्ट करू नकोस," बाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या. "एकीची घेतली तर सगळ्यांची घ्यावी लागेल. आणि तुझं नुकसान होईल, बाळा."

"होऊ द्या," मी म्हटलं. हे दोन शब्द मात्र कसे कोण जाणे, एका दमात आले.

त्यांनी मला मुख्याध्यापकांकडे पाठवलं. मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावणं पाठवलं. वर्गाने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्याशी बोलणं टाकण्यात काय मोठा त्याग होता ते देव जाणे, पण प्रणालीने दप्तर उचलून जागा बदलली तेव्हा लागलं मला. जाताना ती म्हणाली, "तुझं जाऊ दे, आमची काशी कशाला करती? मला वाचाया तरी येतं का नीट?" ती हे रागाने म्हणाली, लाजेने नाही. लाज वाटायची गरजच तिला दहा वर्षांत कुणी पडू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले ते थेट मार्केट यार्डातून. आमचे आण्णा बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचे. आवाज असा की त्यांनी यार्डात भाव पुकारला तर स्टँडवरच्या हॉटेलात भजी तळणाऱ्याला कळायचा. खांद्यावर कांद्याची साल, टोपीवर धूळ, आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरताच त्या आवाजाची पार मांजर झाली.

मुख्याध्यापक वाबळे सर माणूस वाईट नव्हते. शाळा त्यांनी वाढवली होती. भिंतीवर दर वर्षीच्या निकालाचे फोटो होते, आणि गेली चार वर्षं प्रत्येक फोटोखाली शंभर टक्के.

"बसा गुंजाळ. तुमच्या पोरीने नवीनच काढलंय. तिला वीसपैकी वीस नकोत म्हणे."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने सुरुवात केली, "सायेब, तिचं म्हणणं आसंय की..."

हेही माझ्या लहानपणापासूनचं. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत मी तोंड उघडलं की आण्णा माझं वाक्य उचलून पुढे न्यायचे. मायेनेच न्यायचे. कधी कधी ते माझं नसलेलंच वाक्य असायचं, पण निदान पुरं व्हायचं. गोडी शेव मागायला गेलेली मी कितीदा तिखट शेव घेऊन आलेय याची गणती नाही.

मी त्यांचा हात धरला. "आण्णा, मी ब... बोलते."

"आगं पण..."

"मी बोलते."

आण्णा गप्प झाले. त्यांना गप्प राहायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी बोलले. किती वेळ लागला ते मला माहीत नाही, सरांनी मधे दोनदा फोन उचलून ठेवला. माझं म्हणणं एवढंच होतं, की माझी परीक्षा घ्या, आणि होतील तेवढे मार्क द्या. शून्य झाले तर शून्य.

"शून्य!" सर म्हणाले. "अगं, शेजारच्या सगळ्या शाळा वीस देतात. आपण खरे द्यायला निघालो तर आपलीच पोरं मागं पडतील. किरण जिल्ह्यात नंबरात येणारय यंदा. त्याचं काय? गुंजाळ, तुम्ही व्यवहारातले माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तुम्ही तरी सांगा हिला."

"आमच्यात झाकल्या गोणीवर बोली लागत नाय, सायेब," आण्णा म्हणाले. "फोडून दाखवावी लागती."

"शाळेत सगळ्या गोण्या झाकूनच जातात, गुंजाळ," सर म्हणाले आणि हसले. "फोडायची वेळ पुढच्यांवर येते." स्वतःचं वाक्य कानावर पडल्यावर ते जरा चपापले. मग त्यांनी बाईंकडे मोर्चा वळवला. "बाई, तुम्ही सांगा. तुमची लाडकी आहे ना ती?"

देशमाने बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. आठवीपासून त्या आम्हाला शिकवत होत्या. निबंधात माझा नंबर कायम पहिला, माझी वही त्या दुसऱ्या तुकड्यांत नेऊन दाखवायच्या.

मी त्यांना विचारलं, "बाई, मी कशी बोलते?"

"म्हणजे?"

"तुम्ही ऐकलंय का क... कधी?"

मी उद्धटपणा करत नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं. हजेरीला मी नुसता हात वर करायची, तीही सवलत होती. बाईंचा चेहरा असा उतरला की मला त्यांची दया आली, पण मी प्रश्न मागे घेतला नाही.

"सर," बाई म्हणाल्या, "शनिवारी सकाळच्या शाळेत मी तोंडी घेते. सगळ्यांची."

"आणि मार्क?"

"पडतील ते."

"बाई, विचार करा. वरून मला विचारतील."

"त्यांना सांगा, देशमाने बाईंना विचारा. मला नोकरी लागली तेव्हा तोंडी घ्यायलाच लावली होती, सर. न घ्यायला आपण नंतर शिकलो."

सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण आहे हे." पण नाही म्हणाले नाहीत. बाहेर पडल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "पोरी, शून्य नको आणू." आणि सायकलला टांग मारून यार्डात परत गेले.

शनिवारी बाईंनी फळ्यावर विषय लिहिला: 'मी रोज पाहतो/पाहते अशी एक जागा'. दोन मिनिटं बोलायचं. आधी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची. शेवटी बाई एक प्रश्न विचारणार, त्याचं उत्तर द्यायचं. बस्स, एवढंच. वर्ग फळ्याकडे पाहत राहिला. कारण हा विषय कुठल्याच गाईडात नव्हता.

पहिला किरण. बातमी त्याने वाचली धडाधडा, एक पूर्णविराम जागेवर ठेवला नाही. मग हात मागे बांधून, छाती काढून त्याने सुरुवात केली, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! स्वच्छता ही काळाची गरज आहे."

"किरण, जागा सांग. तू रोज पाहतोस ती."

"हो बाई. तर मित्रांनो, आज आपण जिकडे पाहतो तिकडे प्रदूषणाने..."

"घरून शाळेत येतोस ना? वाटेत काय दिसतं?"

किरण विचारात पडला. चांगलाच पडला. गणितात पैकीच्या पैकी घेणारा, गाईड पाठ म्हणून दाखवणारा तो हुशार मुलगा घाम पुसत म्हणाला, "वाटेत... रस्ता दिसतो, बाई."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी हात वर केला. "हसू नका. तुमचीही पाळी आहे."

खोटं कशाला सांगू, पहिल्या चार-पाच जणांपर्यंत मला गुदगुल्या होत होत्या. हसा आता तोतरीला! पण एकेक जण उठत गेला आणि त्या गुदगुल्या विरल्या. 'वृक्षवल्ली नसत्या तर' झालं, 'मोबाईल शाप की वरदान' झालं. एकीने 'माझी शाळा' म्हणून सुरुवात केली आणि शाळेला कधी नव्हती ती बाग, कारंजं आणि संगमरवरी पायऱ्या सांगितल्या. प्रणाली बातमी वाचायला उभी राहिली आणि 'प्रशासनाच्या' या शब्दाशी थांबली. प्र... शा... प्रशा... मी माझ्या जागेवर बसून ऐकत होते. तोतरी मी होते, पण अडखळत ती होती, आणि त्याची दखल दहावीच्या फेब्रुवारीपर्यंत कुणी घेतली नव्हती. ती खाली बसली तेव्हा रडत होती. एक शबाना अत्तार तेवढी त्यांच्या म्हशीच्या गोठ्याबद्दल खुसखुशीत बोलली. बाकी सगळा आनंदीआनंद.

बाई आधी उभ्या होत्या. मग खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तसंच ऐकत राहिल्या. एकदा मात्र त्या पुटपुटल्या, आम्हाला नाही, स्वतःलाच: "तीन वर्षं मी काय शिकवलं यांना?"

किरणला त्यांनी वीसपैकी आठ दिले. पुढे जाऊन सांगून टाकते, की बोर्डाकडे आठच गेले. तो जिल्ह्यात आला नाही, शाळेच्या फ्लेक्सवर त्या वर्षी कुणाचाच फोटो लागला नाही, आणि गावात बरेच दिवस माझं नाव निघालं की लोक 'ती का!' म्हणायचे. लोकांनी आण्णांनाही सुनावलं. मला त्याचं आजही काही वाटत नाही. ज्यांना वाटायचं त्यांनी वाटून घ्यावं.

"सारिका गुंजाळ," बाईंनी पुकारलं.

पाचवीपासून पहिल्यांदा मला कुणी 'पुढची' केलं नाही.

मी समोर गेले. बातमी वाचून दाखवली. जिथे अडले तिथे थांबले, सुटले की पुढे गेले. मग वर्गाकडे तोंड करून आधी एक गोष्ट सांगितली, "मी अडले तर श... शब्द सुचवायचा नाही. कुणीही. सुचवला तर मी वाक्य प... पहिल्यापासून सुरू करीन."

मग मी बोलायला लागले. "मी रोज पाहते ती जागा म्हणजे स्टँडवरची च... च..."

"चौकशी!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

मी थांबले. श्वास घेतला. "मी रोज पाहते ती जागा म्हणजे स्टँडवरची च... च..."

"चौकशीची खिडकी, बाई!" हा किरण होता. त्याला वाटलं मदत करतोय.

"मी रोज पाहते," मी पुन्हा सुरुवात केली. आता आवाज चढला होता. मागच्या बाकावरच्यांनी किरणला कोपराने ढोसलं. "गप ना लेका! परत पह्यल्यापासनं ऐकायचंय का?" तिसऱ्यांदा मी 'च'पाशी आले, तेव्हा वर्गात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. सगळ्यांना शब्द माहीत होता. सगळ्यांनी तो तोंडात दाबून धरला होता. आणि मग तो माझ्या तोंडून आला. चौकशीची खिडकी.

मी सांगितलं, की ती शाळेच्या वाटेवर रोज दिसते, आणि मामाच्या गावाला जायचं असलं की मी त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहते. विचारत नाही. दुसरं कुणीतरी येऊन माझ्या गाडीचं विचारील याची वाट बघते. कधी लगेच येतं, कधी दोन गाड्या निघून जातात. खिडकीतले काका मला ओळखतात. त्यांना वाटतं मी कुणाची तरी वाट बघतेय, म्हणून एकदा त्यांनी मला चहा पाजला. लोक कसे विचारतात तेही सांगितलं. कुणी दरडावून, कुणी लाजत, आणि नवीन लग्न झालेली बाई तर नवऱ्याच्या पाठीमागून नवऱ्याला विचारायला लावते. त्यावर वर्ग हसला. माझ्यावर नाही, त्या बाईवर हसला. हा फरक मला तिथे उभ्या उभ्या कळला.

मग मी म्हटलं, की खिडकीशेजारी गाड्यांच्या वेळांची मोठी पाटी आहे. ती वाचणारी मी एकटीच असेन.

बाईंनी चष्मा घातला. "झालं तुझं? आता प्रश्न. पाटीवर सगळं लिहिलेलं असताना लोकांनी खिडकीत गर्दी का करावी? मला तर वाटतं, ती खिडकी बंद करावी आणि लोकांना वाचायला शिकवावं. आता आपण इथे पाहिलं ना, वाचनाची काय दशा आहे ती. मग खिडकीचं कौतुक कशाला?"

मी गोंधळले. माझ्या म्हणण्यावर मान डोलवणारे मला माहीत होते, 'हो गं बाळा' म्हणणारे माहीत होते. माझं खोडून काढणारं कुणी भेटलंच नव्हतं. खोडायला आधी ऐकावं लागतं.

"न... नाही बाई," मी म्हटलं. "पाटी जुनी आहे. तिच्यावरच्या निम्म्या गाड्या आता नाहीत. मी व... वाचून गेले होते एकदा, संध्याकाळपर्यंत बसून राहिले. गाडी कधीच बंद झाली होती."

"मग पाटी बदला म्हणावं."

"बदलायची कुणी? पाटी सगळ्यांना एकच सांगते. म... म्हातारीला, पोराला, सगळ्यांना. तिला कुणी उलटं विचारत नाही, म्हणून ती च... चुकली तरी तशीच राहते. खिडकीतल्या माणसाला विचारता येतं, अजून एकदा विचारता येतं, भ... भांडता येतं. वाचायला पाहिजेच. पण विचारायला पण पाहिजे!"

शेवटचं मी जवळजवळ ओरडले. बाई डोळे बारीक करून ऐकत होत्या. त्यांनी मधे एकदाही मान हलवली नाही, एकदाही माझा शब्द पुरा केला नाही.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"क... कशाचे गेले?"

"वाचताना एक ओळ गाळलीस, एक गेला. विषय जागेचा होता. तू माणसांवरच जास्त बोललीस. भिंती, रंग, वास, काही सांगितलं नाहीस. तीन गेले. आणि उत्तर देताना आवाज चढवलास. दोन."

मी हिशेब केला. सहा होत होते.

"आणि अडखळण्याचे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला मार्क नसतात," त्या म्हणाल्या. "द्यायचेही नसतात आणि कापायचेही नसतात."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला त्या तीन मार्कांचा राग आला होता. चांगला सणसणीत, निरोगी राग. जागा माणसांचीच असते, भिंती काय सांगायच्या? मी भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात दारातून टाळ्या ऐकू आल्या.

वाबळे सर कधीपासून दाराशी उभे होते कोण जाणे. डोळे पुसत ते आत आले. "वा! शाब्बास पोरी! डोळ्यांत पाणी आणलंस. बाई, चौदा कसले? वीस लिहा. पैकीच्या पैकी, माझ्याकडून. एवढी जिद्द कुणाकडे आहे?" वर्गाकडे वळून ते म्हणाले, "वाजवा टाळ्या!" आणि वर्ग टाळ्या वाजवायला लागला. प्रणाली ओल्या डोळ्यांनी वाजवत होती, किरण वाजवत होता. सगळे प्रेमाने माझ्याकडे बघत होते. वीसपैकी वीस मला पुन्हा आयते मिळाले होते, या वेळी तर हार घालून.

बाईंच्या हातातला पेन तसाच थांबला होता. त्या सरांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"सर," मी म्हटलं. टाळ्यांत ते बुडून गेलं. मी टाळ्या संपेपर्यंत उभी राहिले. "सर, मला च... च..."

"चालतील ना?" सर माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले. "चालतील, चालतील! का नाही चालणार? वीस म्हणजे वीस!"

"सर!" मागून आवाज आला. किरण बाकावरून उठून उभा राहिला होता. "सर, मधे नका ना बोलू. तिचं होऊ द्या."

सरांनी हात खाली घेतला. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, आणि आता सरही थांबले होते.

मी वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.

"सर, मला च... चौदाच पाहिजेत," मी म्हटलं. "ते माझे आहेत. आणि बाई, भिंतींचे जे तीन कापलेत ना, त्याबद्दल मला अजून बोलायचंय."